कुकरपेक्षा नऊ दिवसांनी लहान

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी माझं वय विचारलं आणि मी म्हणाले, "कोणतं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारी बसलेला नवरा खिडकीबाहेर पाहू लागला. तो शाळेत भूगोल शिकवतो. अडचणीच्या वेळी त्याला क्षितिज लागतं.

"कोणतं म्हणजे?"

"आधार कार्डावर एक्केचाळीस आहे. पण खरं चाळीस. शाळेत लवकर घ्यावं म्हणून मास्तरांनी एक वर्ष वाढवून लिहिलं होतं, असं आई सांगायची."

"मग आईंना नीट विचारून या."

"आई तीन महिन्यांपूर्वी गेली."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. "सॉरी," म्हणाल्या. मग, काम तर करायचंच होतं, म्हणून त्यांनी विचारलं, "कागदावरची जन्मतारीख?"

"एक जून."

"अर्थातच," डॉक्टर म्हणाल्या.

आमच्या पिढीत ज्यांचा जन्म कुठेच लिहून ठेवलेला नव्हता, अशी सगळी मुलं एक जूनला जन्मली. शाळा जूनमध्ये उघडायची. मास्तर रजिस्टर उघडून बसायचे, समोरच्या मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहायचे, आणि पोचला की त्याला सहा वर्षांपूर्वीच्या एक जूनला जन्माला घालायचे. त्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की एक जूनला पेशंटांना वाढदिवसाचे मेसेज जातात तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर आडवा होतो.

दुसऱ्या घरांत निदान पत्रिका असते. आमच्याकडे तीही नाही. आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर पंचांगही घराबाहेर गेलं. त्यांच्या बाकी सगळ्या निर्णयांबद्दल मी कृतज्ञ आहे. मी आज एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसते, ती त्यांच्यामुळेच. पण पंचांग काढल्यावर त्यांनी भिंतीवर एखादं साधं कॅलेंडर लावायला हरकत नव्हती.

आम्ही सौम्य आयव्हीएफसाठी आलो होतो. 'सौम्य' हा शब्द मला बोर्डावर दिसला आणि मी त्यावर भाळले. आईच्या शेवटच्या महिन्यात तिच्या अंगाला इतक्या नळ्या होत्या, की त्यानंतर सुई म्हटलं तरी माझी बोटं गार पडत. मला मूल हवं होतं, आणि ते माझ्याच बीजाचं हवं होतं. आईच्या हनुवटीत एक खळी होती, बोटाने दाबल्यासारखी. ती माझ्या हनुवटीत आहे. माझ्यापाशी येऊन ती संपणार, हा विचार मला स्मशानभूमीत सुचला होता आणि मग जाईना. एवढ्याशा खळीसाठी माणूस काय काय करतं, ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

डॉक्टरांनी समजावलं ते सरळ होतं. "सौम्य म्हणजे औषधं कमी, इंजेक्शनं कमी, आणि एग्जही कमी. शरीराला त्रास कमी. पण एगचं वय आम्हाला कमी करता येत नाही. औषध जास्त दिलं तरी नाही, कमी दिलं तरी नाही. रक्ताच्या तपासणीवरून आणि सोनोग्राफीवरून किती उरली आहेत याचा अंदाज येतो. कशी आहेत, ते मात्र बऱ्याच अंशी वयच सांगतं. पस्तिशीच्या आत एकच चांगलं मिळालं तरी मी खूश असते. चाळिशीनंतर त्यातली बरीचशी पुढे टिकत नाहीत. तिथे एकेक वर्ष मोजावं लागतं."

"एका वर्षाने एवढा फरक पडतो?" नवऱ्याने क्षितिजावरून परत येऊन विचारलं.

"पडतो. या चाळीस असतील तर आपण तीनदा धीराने प्रयत्न करू. पण कागद उलट्या बाजूनेही चुकतात. त्रेचाळीस निघाल्या तर मी एकदा करेन, आणि मग दुसऱ्या बाईच्या एगबद्दल बोलेन. त्यामुळे फॉर्मवर काय लिहायचं ते लिहा. मला खरं सांगा."

रिक्षात बसल्यावर नवरा म्हणाला, "लोक लग्न करताना बायकोचं वय विचारतात. मी नऊ वर्षांनी विचारतोय."

"आई म्हणायची चाळीस."

"आई तुझ्या पोह्यांनाही उत्तम म्हणायच्या."

आईच्या स्वतःच्या वयाचाही घोळ झालाच होता. ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापताना मावशी आणि मी वयावर अडून बसलो. आधार कार्डांनुसार मावशी, जी आईची धाकटी बहीण, ती आईपेक्षा चार महिन्यांनी मोठी होती. म्हणजे माझ्या आजीने चार महिन्यांच्या अंतराने दोन मुलींना जन्म दिला होता, आणि तोही उलट्या क्रमाने. शेवटी आम्ही 'वृद्धापकाळाने' असं छापलं. तो मला फार सोयीचा शब्द वाटला. त्यात आकडा लागत नाही.

वडील तर आईच्या कितीतरी आधी गेले होते. तेव्हा आता जगात माझं वय ठाऊक असलेली एकच व्यक्ती उरली होती, आणि ती मावशी. रविवारी आम्ही वारज्याहून विश्रांतवाडीला तिच्याकडे गेलो. आई शेवटी तिच्याच शेजारी राहायची. आईचं सामान आवरायचं धाडस मला झालं नव्हतं. मी फक्त चष्मा आणला होता. बाकी सगळं मावशीने उचलून स्वतःच्या घरी नेलं होतं, आणि त्यात तो कुकरही होता.

या कुकरबद्दल सांगायला हवं. वडील खडकीच्या कारखान्यात होते आणि आमचं घर तिथल्याच क्वार्टर्समध्ये. आईला नववा लागला, चुलीपुढे बसवेना, म्हणून त्यांनी कुकर आणला. आणला आणि आठच दिवसांत आई बाळंतपणाला माहेरी निघाली, तर तिने कुकर मागे ठेवला नाही. नव्या वस्तूवर शेजारणींचा डोळा होता, असं तिचं म्हणणं. एसटीत पोटावर कुकर धरून ती गावी गेली आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जन्मले. सुईणीने नाळ कापली, पण ग्रामपंचायतीत कुणी गेलं नाही. पुढे आयुष्यभर आई त्या कुकरला 'तुझा थोरला' म्हणायची. मी लहानपणी रुसले की म्हणायची, "थोरला बघ कसा, वाफ धरून ठेवतो आणि वेळेवरच बोलतो."

मावशीने दार उघडलं तेव्हा थोरला गॅसवरच होता.

"मावशी, मी नक्की कधी जन्मले?"

"चैतात. कुकर आला आन मागनं तू आलीस. नऊ दिवसांनी धाकली हायस त्याच्यापरीस."

"कोणत्या वर्षी?"

"त्याच वर्षी."

नवऱ्याने तोंडावर रुमाल धरला. मी धीर धरला. "आई म्हणायची, शाळेत लवकर घालायला मास्तरांनी माझं एक वर्ष वाढवलं."

"वाढवलं?" मावशी इतकी हसली की तिला वेताच्या मोढ्यावर बसावं लागलं. "तुझ्या बापानं दोन वर्सं गिळली तुझी! म्हणला, पोरगी सरकारी नोकरीला लागली तर दोन वर्सं जास्ती नोकरी करंल. आठ वर्सांची घोडी झालीस तरी आजोळी ठिवली, आन मग न्हेऊन मास्तरासमोर उभी केली. म्हणला, सहाची हाय, अंगानं थोराड हाय."

मी मोढ्याशेजारी जमिनीवर बसले. शाळेत मी वर्गात सगळ्यांत उंच होते. दहावीपर्यंत माझा पहिला नंबर यायचा. मला वाटत होतं मी हुशार आहे. मी नुसतीच दोन वर्षांनी मोठी होते. आजोळची ती वर्षं मला इतकी लख्ख का आठवतात, तेही कोडं त्याच क्षणी सुटलं.

"मग आई वेगळं का सांगायची?"

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. "जावयांच्या म्होरं सांगू?"

"सांगा," तो म्हणाला. "मी कुकरकडे बघतो."

"अवो, हिचं लगीन जमंना. पुस्तकातनं मान वर काढंल तर जमंल! कागदावर बत्तीस झाली. तवा माझ्या भैनीनं नवीनच काढलं. ज्याला त्याला सांगायची, कागदावर मोठी दिसती, खरी धाकली हाय. सांगून सांगून तिला सोतालाच खरं वाटाया लागलं. तुमच्या आईलाबी सांगितलं, आन हिलाबी."

"म्हणजे मी एकतीसची समजून चौतीसची केली," नवरा कुकरकडे बघत म्हणाला.

"तक्रार हाय का?"

"नाही. नग चांगला निघाला."

मी म्हणाले की मावशीची आठवणही चुकू शकते. मला ती चुकायलाच हवी होती. चाळीस आणि त्रेचाळीस यांच्यामध्ये माझे दोन प्रयत्न होते. मावशी उठली आणि आतून पत्र्याचा एक डबा घेऊन आली. "तुझी आई लिवायला शिकली न्हाई, पर कागूद कंदी टाकला न्हाई," ती म्हणाली.

डब्यात गॅरंटी कार्डं होती. अलार्मचं घड्याळ, इस्त्री, टेबलफॅन, मिक्सर, दोन ट्रान्झिस्टर. त्यातल्या बहुतेक वस्तू कधीच भंगारात गेल्या होत्या, पण त्यांचे कागद सुखरूप होते. प्रत्येकावर वडिलांचं नाव, वस्तूचा नंबर, दुकानाचा शिक्का आणि तारीख. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा जन्मदाखला होता. माझा नव्हता.

कुकरचं कार्ड तळाशी होतं. शिक्का फिकट झाला होता, पण साल नीट वाचता येत होतं. नवऱ्याने त्यात बोटांवर नऊ दिवस मिळवले. मग मोबाइलवर जुनं पंचांग काढलं, जे आजोबांनी घराबाहेर काढलं होतं तेच, आणि चैत्राशी ताडून पाहिलं. जुळलं.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "पूर्ण." मग त्याने कार्डाची मागची बाजू वाचली. "हमी पाच वर्षं. रबर आणि शिटी यांना हमी लागू नाही."

परतीच्या वाटेवर संगमवाडीच्या पुलावर आमची रिक्षा अडकली. नवरा खाली नदीकडे पाहत होता. मग म्हणाला, "चाळीसच सांग. तीनदा तरी करतील. मावशी काही दवाखान्यात येऊन साक्ष देणार नाही."

ही सूचना मी गंभीरपणे घेतली, हे कबूल करते. पुलावर बसून मी डॉक्टरांशी मनात संवाद केला आणि दर वेळी मी चाळीसची होते. डॉक्टरांनी मान्य केलं, नर्सने केलं. प्रश्न एवढाच उरला की माझ्या अंडाशयाला ही बातमी कोण देणार. वडिलांनी गिळलेली दोन वर्षं त्याने गिळली नव्हती. आईने पुसलेलं एक वर्षही त्याने पुसलं नव्हतं. घरातले सगळे मिळून मास्तरांना, सासूबाईंना, मला आणि आधार कार्डाला फसवत असताना ते तिथे आत बसून, कुणालाही न सांगता, बरोबर मोजत होतं.

घरी आल्यावर मला आईचा राग आला. तीन महिने मी तिच्यासाठी फक्त रडले होते. आता मला तिच्याशी भांडायचं होतं. खरं ठाऊक असतं तर मी सदतिसाव्या वर्षी, म्हणजे चाळिसाव्या वर्षी, 'अजून वेळ आहे' असं म्हणाले नसते. मी तिच्या चष्म्याला हे मोठ्याने ऐकवलं. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "ऐकतायत त्या. उत्तर देणार नाहीत, पण ते आधीही देत नव्हत्या." त्या दुपारी, आई गेल्यापासून पहिल्यांदा, मला सणकून भूक लागली.

पुढच्या भेटीत मी कार्ड डॉक्टरांसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं.

"कुकर अजून चालतो?"

"रोज."

"त्यावरून आपल्याला काही निष्कर्ष काढता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगितलंत, बरं केलंत. चाळीस समजून मी तुम्हाला वर्षभर आशेवर ठेवलं असतं. एकदा करू. आशा थोडीच आहे, हे ऐकून ठेवा. नाही असं मात्र नाही."

कॉम्प्युटरमध्ये आधार कार्डावरचंच वय जात होतं. माझ्या फाइलच्या कोपऱ्यात डॉक्टरांनी पेन्सिलने '४३' लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. सरकारी शाईने एक्केचाळीस, पेन्सिलने त्रेचाळीस. आयुष्यात माझं खरं वय पहिल्यांदा लिहिलं गेलं, तेही खोडता येईल असं.

औषधं खरोखर सौम्य होती. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून गोळ्या, नंतर मोजकी इंजेक्शनं. ती नवरा द्यायचा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या पोटावर अक्षांश-रेखांश ठरवले आणि मग डोळे मिटून घेतले. "उघडे ठेव," मी ओरडले. "अगं, मला नाही बघवत." सोनोग्राफीत दोन पुटिका, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या, दिसल्या. मग त्यातली एक मागे पडली.

बीज काढायच्या दिवशी प्रत्येक दारात मला नाव आणि जन्मतारीख विचारली. अदलाबदल होऊ नये म्हणून. मी प्रत्येक दारात खोटं बोलले, एक जून, आणि प्रत्येक दाराने ते बरोबर आहे म्हणून मला आत घेतलं. शेवटच्या खोलीत भूल चढू लागली तेव्हा नर्सने पुन्हा विचारलं, आणि माझ्या तोंडून खरं निघालं.

"कुकर आला, त्यानंतर नऊ दिवसांनी."

"मॅडम," नर्स घाबरून म्हणाली, "यांना आत्ताच चढली."

"नाही," डॉक्टरांचा आवाज आला. "त्या बरोबर सांगतायत. एक जून लिहा."

एक बीज मिळालं. दुसऱ्या दिवशी फोन आला की ते फळलं आहे. तिसऱ्या दिवशी ते माझ्या पोटात सोडलं तेव्हा त्याच्या सहा पेशी झाल्या होत्या. निघताना त्यांनी एक कागद हातात दिला. वर फोटो होता, पाण्यात एकमेकांना चिकटलेल्या साबुदाण्यासारखा, आणि खाली नोंद. बीज कधी काढलं, तारीख आणि वेळ. शुक्राणू कधी सोडला, तारीख आणि वेळ, मिनिटासकट. दोन सह्या. मी तो कागद जिन्यात उभी राहून तीनदा वाचला. आमच्या घराण्यात आजवर कुणाचंही काहीही इतकं अचूक लिहिलं गेलं नव्हतं. वय तीन दिवस, आणि त्यावर कुणाचाही वाद नाही.

दोन आठवडे मी ग्रंथालयात पुस्तकं एका हाताने उचलत होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. नवरा रोज सकाळी त्याचं वय सांगायचा. "आज आठ दिवस." "आज अकरा." चौदाव्या दिवशी रक्त दिलं आणि दुपारी रिसेप्शनवरच्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं की नाही राहिलं. त्या दिवशी नवऱ्याने आकडा सांगितला नाही. मीही विचारला नाही.

डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या बाईच्या बीजाबद्दल सांगितलं. "तिथे तुमच्या वयाचा अडथळा बराच कमी होतो. एग तरुण बाईचं असतं. कागदपत्रं आम्ही नीट तपासतो."

"कोणती?" मी विचारलं. "आधार कार्ड?"

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या, आणि मग मीही. आम्ही दोघी इतक्या हसलो की नवऱ्याने मला पाण्याचा ग्लास दिला. मी म्हणाले, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, सावकाश. तिथे आता घाई नाही.

रविवारी आम्ही विश्रांतवाडीला गेलो. मावशीकडून मी पत्र्याचा डबा मागून घेतला आणि दवाखान्याचा तो कागद पिशवीतून काढला.

"काय हाय?" मावशीने विचारलं.

"नोंद आहे. राहिलं नाही, पण नोंद आहे."

मावशीने हात पुसले. कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. आईचा चष्मा माझ्या पिशवीत होता, तो मी तिला दिला. तिने तो लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"कुनावर गेलंय?" तिने विचारलं.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. सहा पेशी, एक जराशी मोठी.

"हनुवटी अजून दिसत नाही," मी म्हणाले.

"दिसंल कशी? तीन दिसाचं तर हाय." तिने कागदाची घडी घातली आणि डब्यात कुकरच्या कार्डामागे सरकवली. "ऱ्हाऊ दे थोरल्यापाशी. आन बसा दोघं. दोन शिट्ट्या व्हायच्या हायत अजून."